पाटी तीच, दुकानदार नवा

रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं आणि खोलीतला पंखा दुरुस्त झाला, एवढं आईला आधी वाचून दाखवा. म्हणजे ती तिच्या कामाला लागेल आणि बाकीचं तुम्हाला निवांत वाचता येईल. धाकटीची पुस्तकं पाठवली आहेत. त्यातलं जाडं पुस्तक उशी म्हणून पाठवलेलं नाही, हे तिला सांगा.

आता तुमचा प्रश्न. मागच्या फोनवर, मी फुकटचं एक काम अंगावर घेणार म्हटल्यावर, तुम्ही विचारलंत, "जे सगळ्यांसाठी फुकट आहे, त्याची राखण कोण करतं गं? आणि का करतं?" मी बराच वेळ काहीबाही बोलले, तुम्ही हं, हं केलंत आणि नेहमीसारखा फोन आईच्या हातात दिलात. खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. आजही येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला सगळीकडे मिरवता, आणि तुमच्या साध्या प्रश्नावर माझं घोडं पेंड खातं. पण हा प्रश्न मला का टोचला, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. फोनवर तुम्ही मला फार वेळ देत नाही, म्हणून पत्र. अक्षराला नावं ठेवाल हे धरूनच चालले आहे. दुकानांच्या पाट्यांवर तुम्ही रंगवता तसा 'ळ' माझ्या हातात कधी उतरलाच नाही.

आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्राम करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नळीवरचं लेबल, तपासणीचा आकडा, छापील रिपोर्ट, सगळं त्यातून निघतं. असा प्रोग्राम कुणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः लिहीत नाही. तारीख मांडायचा तुकडा, लेबल छापायचा तुकडा, असे तयार तुकडे आणून जोडायचे. अशा तुकड्याला पॅकेज म्हणतात. आत्याला हे जरा समजावून सांगा. ती दर वेळी "तुझं पॅकेज किती?" विचारते, मी "चारशेच्या वर" म्हणते आणि ती बिचारी हजारात की लाखात या हिशेबात अडकते.

ही पॅकेजं जिथे ठेवतात ती रजिस्ट्री. एक सार्वजनिक. तिथे जगातला कुणीही आपला तुकडा ठेवतो आणि कुणीही तो फुकट उचलतो. दुसरी खासगी, आमच्या कंपनीची, तिच्यात फक्त घरचे तुकडे. प्रोग्राम बांधणारं मशीन नाव घेऊन तुकडा मागतं, आणि कुठल्या नावासाठी कुठल्या रजिस्ट्रीचं दार ठोठावायचं हे एका लहानशा फाइलीत लिहिलेलं असतं. गेले काही महिने मी ती फाइल आणि तिच्यामागचा सगळा कारभार लावत होते.

मी हात घातला तेव्हा मशीन दोन्हीकडे विचारायचं. प्रत्येक तुकड्यावर आवृत्तीचा आकडा असतो. एकाच नावाचे दोन तुकडे सापडले की ज्याचा आकडा मोठा तो नवा, असं धरून मशीन तो उचलायचं. म्हणजे आमच्या घरच्या तुकड्याचं नाव बाहेर कुणाला कळलं, त्याने त्याच नावाने भलतंच काही सार्वजनिक रजिस्ट्रीत ठेवलं आणि वर आकडा मोठा टाकला, की आमचं मशीन घरच्याला सोडून त्या परक्याला मानाने आत आणणार.

साहेबांना हे सांगितलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक; आम्ही सगळे मिळून जेमतेम एक मजला भरतो, त्यामुळे ते रोज भेटतात. ते म्हणाले, "आपल्या तुकड्यांची नावं कोणाला कळणार? आपल्याला ओळखतं कोण?"

"दाखवू का साहेब?" मी म्हटलं.

सरावासाठी एक वेगळं मशीन घेतलं, सार्वजनिक रजिस्ट्रीसारखी एक खोटी रजिस्ट्री माझ्याच टेबलावर उभी केली आणि तिच्यात आमच्या लेबलाच्या तुकड्याच्या नावाने एक रिकामं पॅकेज ठेवलं. आकडा टाकला नव्याण्णव. मग साहेबांना लेबल छापायच्या यंत्रापाशी उभं केलं. यंत्रातून लेबलं निघायला लागली. कोरी. एकामागोमाग एक, पांढरी स्वच्छ. माझ्या शेजारी बसणारा सहकारी (त्याला सगळे दाढी म्हणतात, कारण तुम्ही पाहिलंत तर तुम्हीही म्हणाल) एक लेबल उचलून म्हणाला, "साहेब, पेशंट बरा होऊन घरी गेला. जाताना नावही घेऊन गेला."

साहेब हसले नाहीत. "हे असं कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून."

"मग पहिल्यापासून सांगितलं का नाहीस?"

"पहिल्यापासून मी नव्हते, साहेब."

यावर मात्र ते हसले, आणि काम माझ्याकडे आलं. मी काय केलं सांगते, तुम्हाला आवडेल. आमच्या घरच्या प्रत्येक तुकड्याला कंपनीचं आडनाव लावलं. फाइलीत लिहिलं की हे आडनाव दिसलं की खासगी रजिस्ट्रीतच जायचं, तिथे नाही सापडलं तर सरळ थांबायचं, बाहेर डोकावायचं नाही. तेच आडनाव सार्वजनिक रजिस्ट्रीतही आमच्या नावावर करून घेतलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते लावता येऊ नये. आणि बाहेरचे जे तुकडे लागतात ते आधी आमच्या खासगी रजिस्ट्रीत येतात, पाहिले जातात आणि मगच मशीनला मिळतात. परत नव्याण्णवचा खेळ केला. मशीन रिकाम्या पॅकेजकडे ढुंकूनही बघेना. बाबा, त्या दिवशी मी दुपारचा चहा दोनदा घेतला. तुम्ही मोठी पाटी पुरी करून रस्त्याच्या पलीकडून बघत उभे राहता ना, तशी मी त्या फाइलीकडे बघत बसले होते.

बाहेरचे तुकडे तपासता तपासता एकापाशी अडले. लहानसा तुकडा आहे, मापं बदलणारा. रक्तातली साखर काही मशीनं एका मापात सांगतात, काही दुसऱ्या. पाच आणि नव्वद हे दोन्ही आकडे एकाच माणसाच्या साखरेचे असू शकतात. माप चुकलं तर डॉक्टर उगाच दचकेल, किंवा जिथे दचकायला हवं तिथे दचकणार नाही. आमच्यासारख्या कितीतरी कंपन्या आणि लहान दवाखाने हाच तुकडा वापरतात, आणि तो सांभाळणारं माणूस फक्त एक. ऑफिसात त्यांना 'आजोबा' म्हणायची पद्धत होती, कारण सूचना फार कडक. "नीट वाचून मगच विचारा. ओरडून विचारलंत तर उत्तर देणार नाही," असं पहिल्याच पानावर.

त्या पानावर आता खाली एक ओळ होती: "मला यापुढे जमणार नाही. कुणी घेईल का?" तिला एकच उत्तर आलेलं, कुणा अनोळख्याचं: घेतो, लगेच द्या.

मी त्या अनोळख्याची चौकशी केली. त्याचं खातं कालपरवाचं, स्वतःचं काम एकही नाही, आणि त्याच दिवसांत त्याने आणखी पाच-सहा बेवारस तुकडे असेच मागितले होते. गडी नावं गोळा करत होता. म्हणून मी "आदरणीय सर" करून एक लांबलचक पत्र पाठवलं. उत्तर आलं, "मी सर नाही. औषधनिर्माणात आयुष्य गेलेली निवृत्त बाई आहे. नवरा अंथरुणाला खिळला आहे, मला वेळ नाही. त्या माणसाबद्दल सांगितलंत ते बरं केलंत. मग तुम्हीच का घेत नाही?"

ऑफिसात वाचून दाखवलं. दाढी म्हणाला, "इतकी वर्षं आजीला आजोबा म्हटलं. तरीच उचकी लागून त्यांनी काम सोडलं."

साहेबांना विचारल्याशिवाय हो म्हणणं बरं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे गेले. ते फार खूश झाले. मला कायम करायचं पत्र तयारच होतं, तेही त्यांनी खणातून काढून टेबलावर ठेवलं. ते तुम्हाला मी फोनवर सांगितलंच होतं.

इथे आज थांबते. कपडे वाळत घालायचे आहेत, आणि खोलीतली मैत्रीण, ती हॉस्पिटलातली नर्स, ड्यूटीवरून येईल आता.

बुधवार

बाबा, रविवारी कपड्यांचं निमित्त केलं. कपडे चारच होते. पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

साहेब खूश झाले ते वेगळ्याच कारणाने. ते म्हणाले, "घे, जरूर घे. नाव तुझ्याकडे आलं की तो तुकडा आपल्या खासगी रजिस्ट्रीत टाक आणि बाहेरचा काढून टाक."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काढून म्हणजे?"

"काढून म्हणजे काढून. समोरची मोठी कंपनी तोच वापरते. वर्षभर मापं जुळवत बसू दे त्यांना. दर वेळी आपणच का मागे राहायचं?"

"पण साहेब, ते लहान दवाखाने?"

"त्यांनी तुला पगार दिला का कधी? तू कंपनीची की जगाची? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस तुला." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्याच भल्याचं सांगतोय. तू हे केलंस की माझ्या भागीदारांसमोर तुझं नाव पुढे करायला मला तोंड राहतं. पत्र इथेच आहे. सही कर आणि कामाला लाग."

ते वाईट नाहीत, बाबा. मजल्यावरच्या सगळ्यांचे पगार वेळेवर व्हावेत म्हणून त्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे. मला चूक दाखवायची संधी त्यांनीच दिली. म्हणून मी तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हटलं.

विचार केला तो तुमच्या एका पाटीचा. मी शाळेत होते, रंगाचा डबा धरायला तुमच्याबरोबर आले होते. चौकातला औषधवाला दुकान बंद करून गेला होता आणि गाळा दुसऱ्याने घेतला होता. तो म्हणाला, "पाटी आहे तशीच राहू द्या, फक्त खालचा फोन नंबर बदला." तुम्ही म्हणालात, "पाटी तीच आणि दुकानदार नवा, असं मी रंगवत नसतो. लोक त्या नावाच्या भरवशावर औषध घेतात. तुमचं नाव सांगा, फुकट लिहून देतो." तो ऐकेना. तुम्ही निघताना पांढऱ्या रंगाने जुनं नाव पुसून टाकलंत, तेवढ्यात तो ओरडत बाहेर आला आणि आपण दोघं शिडी घेऊन पळालो. घरी आईने तुमची काय पूजा बांधली तेही आठवतं.

साहेबांना मी तेच सांगायला गेले. नाव नुसतं रिकामं करून चालत नाही. आपण तुकडा काढला की ते नाव मोकळं होतं, आणि नावं गोळा करणारा तो माणूस टपूनच बसला आहे. तो त्या नावावर आपला तुकडा ठेवील. जिथे जिथे मशीनं त्या नावाने मागतात, तिथे त्याचं जाईल. कुठल्या मापाचा कुठला आकडा छापायचा, हे तो ठरवील. साहेब म्हणाले, "ते त्यांचं त्यांनी बघावं." मी म्हटलं, "कोऱ्या लेबलांच्या वेळी तुम्ही असं म्हणाला नव्हता." ते म्हणाले, "अक्कल शिकवू नकोस, शुक्रवारपर्यंत सांग."

आता जे खरं टाळत होते ते.

कायम झालं की कंपनी आईवडिलांच्या दवाखान्याचा खर्च उचलते. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं, आणि तिने तुम्हाला सांगितलं नसेल असं मानायला मी दूधखुळी नाही. मागच्या वेळी घरी आले तेव्हा शिंपीकाकांची पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. पहिलं अक्षर तुमचं, आरशासारखं. पुढची आईने ओढलेली. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला हौस आली आहे." मग मागच्या पडवीत तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट धरून कुंचला टेकवताना दिसलात. मला बघून म्हणालात, "गार पडलंय जरा." उन्हाळा होता, बाबा.

तेव्हापासून फोन लगेच आईकडे जातो. हात थरथरतो म्हणून मोबाइल कानाशी नीट राहत नाही, हे मला खूप उशिरा कळलं. मी समजत होते तुम्ही रागावलात.

म्हणजे एका बाजूला तुमचा हात आणि दुसऱ्या बाजूला कधी न पाहिलेली माणसं. दोन दिवस डोकं नुसतं भणभणलं. नर्स मैत्रिणीला सांगितलं तर ती टॉवेल पिळता पिळता म्हणाली, "दोन वेगळी कामं आहेत, तू त्यांची एक मोळी का बांधतेस? वडिलांना दाखवायला तुझं कायम होणं कशाला हवंय? आमच्या सरकारी हॉस्पिटलात मेंदू आणि नसांचे मोठे डॉक्टर आहेत. बाहेर बाकावर बसायची तयारी ठेव, बस." मला स्वतःचीच लाज वाटली. साहेबांच्या टेबलावरच्या त्या कागदाने मला असं धरलं होतं की दुसरा रस्ता दिसतच नव्हता.

तर ऐका. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी तुमची तपासणी आहे. नाव घातलं आहे. तुमचं आणि आईचं तिकीट या पत्रासोबत आहे. "मला काही झालं नाही" हे वाक्य डॉक्टरांसमोर म्हणा, माझ्यासमोर नको. औषधं बराच काळ लागली तर माझ्या आत्ताच्या पगारात कशी बसवायची हे मी पाहीन. मी पाहिलं आहे. धाकटीची फीही त्यात बसते, तिला घाबरवू नका. आई म्हणेल, पोरीने हातचं सोडलं. तिला म्हणावं, सोडलं खरं, पण डोळे उघडे ठेवून. आणि शिंपीकाकांना तुम्ही "लेक कायम झाली" म्हणून सांगून टाकलंय, ते तुम्हालाच निस्तरावं लागेल. त्याबद्दल मला वाईट वाटतं. बाकी कशाबद्दल नाही.

शुक्रवारची वाट मी पाहिली नाही. काल सकाळी साहेबांकडे गेले, कायमचं पत्र सही न करता त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं की ते नाव मी घेणार आहे, माझ्या स्वतःच्या नावावर, आणि तुकडा सगळ्यांसाठी उघडाच राहील. त्यांनी पत्र उचलून परत खणात टाकलं. मग म्हणाले, "तात्पुरती आहेस तशी राहा. पुढच्या वर्षी बघू. आणि हे उद्योग कंपनीच्या वेळेत नकोत." मी म्हटलं, "रात्री आणि रविवारी करीन." मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "तो तुकडा आपल्या खासगी रजिस्ट्रीत तपासून घेतेस ना? का तेही जगासाठी सोडलंस?" घेते, म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या पायरीवर बसून आजींना कळवलं. त्यांनी तासाभरात नाव माझ्याकडे दिलं. एकटीच्या भरवशावर ते परत ठेवायचं नव्हतं, म्हणून समोरच्या मोठ्या कंपनीतली एक मुलगी आणि दूरच्या एका दवाखान्यात काम करणारे एक गृहस्थ, या दोघांना बरोबर घेतलं. आता आमच्या तिघांपैकी दोघांनी हो म्हटल्याशिवाय त्या तुकड्यात अक्षरही बदलत नाही, आणि तो काढून टाकणं तर कुणा एकाला शक्यच नाही. अनोळख्याला नम्रपणे कळवलं की जागा भरली. आजींकडून राहून गेलेली एक दुरुस्ती होती, नवजात बाळांच्या कावीळ तपासणीच्या मापाची. ती आम्ही तपासली, दोघांनी हो म्हटलं, आणि रात्री खोलीवर आल्यावर मी पुढचा आकडा टाकून ती सार्वजनिक रजिस्ट्रीत चढवली. आज सकाळपर्यंत ती कितीतरी मशीनांनी उचलली होती.

कंपनीत अजून तात्पुरतीच असलेली,
तुमची मोठी